डाळिंबाच्या तेल्यासाठी लॅम्प चाचणी: पाण्याची ट्यूबही पिवळी का होते?

माणदेशी

नमस्कार. सांगोला तालुक्यातील एका डाळिंब रोपवाटिकेच्या छोट्या प्रयोगशाळेत मी गेली दोन वर्षे काम करते. आमच्याकडे भगवा वाणाच्या मातृवृक्षांवर पावसाळ्यात गुट्या (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेली कलमे) बांधल्या जातात, आणि त्या गुट्यांबरोबर तेल्या रोग नव्या बागांत जाऊ नये, ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे. तेल्याचा जिवाणू, म्हणजे झँथोमोनास सिट्री पॅथोव्हार प्युनिसी (पॅथोव्हार म्हणजे ठरावीक पिकावर रोग करणारा उपप्रकार; जुन्या पुस्तकांत झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस), पानांवर तेलकट डाग दिसण्याच्या आधीपासून झाडात असू शकतो. त्यामुळे केवळ नजरेने निवडलेला मातृवृक्ष निरोगी असेलच असे म्हणता येत नाही. या रोगाची भारतातील पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली असली, तरी आमच्या भागात त्याची आठवण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलीच आहे, आणि त्या काळात अनेकांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या.

आमच्याकडे पीसीआरचे, म्हणजे आलटून-पालटून तापवून-थंड करून डीएनएच्या प्रती वाढवणारे, यंत्र नाही. वॉटर बाथ, लहान सेंट्रिफ्यूज, पिपेट आणि फ्रीज एवढ्याच साहित्यावर काम करायचे असल्यामुळे आम्ही समतापी प्रवर्धनाची, म्हणजे एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवणारी, लॅम्प पद्धत निवडली. जिवाणूच्या जायरेज-बी या जनुकावर सहा प्रायमरचा (डीएनएच्या ठरावीक भागावर बसून प्रत सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्यांचा) संच तयार करून घेतला आहे. फिनॉल रेड असलेले तयार मिश्रण वापरून २५ मायक्रोलिटरची ट्यूब ६५ अंश सेल्सिअसला ७५ मिनिटे ठेवतो; जिवाणू असेल तरच ती गुलाबीची पिवळी व्हायला हवी. पहिले तीन आठवडे निकाल स्वच्छ आले: रोगट पानांचा अर्क पिवळा, नुसत्या पाण्याची ट्यूब गुलाबी. त्यानंतर मात्र आठपैकी पाच-सहा पाण्याच्या ट्यूबही साधारण चाळीस मिनिटांनंतर पिवळ्या होऊ लागल्या. पाणी बदलले, टिप्स बदलल्या, प्रायमर मूळ साठ्यातून नव्याने पातळ केले, तरी फरक पडला नाही. शिवाय काही निरोगी दिसणाऱ्या पानांचा अर्क घालताच, ट्यूब बाथमध्ये ठेवण्यापूर्वीच, रंग पिवळा होतो.

ही पद्धत आमच्यासारख्यांनी सोडून द्यावी का? चाळीस अंशांच्या आसपास चालणारी आरपीए पद्धत अधिक बरी ठरेल का? आणि ट्यूब गुलाबी राहिली, तर शेतकऱ्याला 'रोप तेल्यामुक्त आहे' असे लिहून देता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रवर्धक

आपल्या वर्णनात दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत असे मला वाटते. ते आधी वेगळे काढावे लागतील. अर्क घालताच जो रंग बदलतो, त्याचा डीएनएच्या प्रवर्धनाशी काहीही संबंध नाही. पाण्याच्या ट्यूबचा रंग चाळीस मिनिटांनी बदलतो, त्याचा मात्र आहे.

फिनॉल रेड फक्त सामू (पीएच) दाखवतो. पॉलिमरेज हे एन्झाइम वाढत्या साखळीला एकेक न्यूक्लिओटाइड जोडते, तेव्हा प्रत्येक जोडणीबरोबर एक प्रोटॉन सुटतो. या तयार मिश्रणात बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रव्य) मुद्दाम अगदी थोडे ठेवलेले असते, म्हणून भरपूर डीएनए तयार झाला की सामू साधारण ८.८ वरून घसरतो आणि गुलाबीचा पिवळा होतो. आता डाळिंबाचे पान आणि साल पाहा: टॅनिन आणि सेंद्रिय आम्ले यांनी ती भरलेली असतात, डाळिंबाची साल कातडे कमावण्यासाठी आणि सूत रंगवण्यासाठी वापरली जाते ती त्यातील टॅनिनमुळेच. असा आम्लधर्मी अर्क थेट ट्यूबमध्ये पडला, तर एन्झाइमने काहीही न करता रंग पालटणारच. याच्या उलट बाजूही तेवढीच धोक्याची आहे. अर्क काढण्यासाठी आपण सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ट्रिस या बफरचे दाट द्रावण वापरत असाल, तर खरे प्रवर्धन होऊनही ट्यूब गुलाबीच राहील. टॅनिन एन्झाइमला बांधून ठेवते आणि प्रक्रियाच बंद पाडते, हा तिसरा त्रास. म्हणून या पिकासाठी सामूवर अवलंबून असलेला रंग मी निवडला नसता. नेहमीच्या बफरमध्ये हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू हा रंग सुरुवातीलाच घालून पाहा. प्रवर्धनात सुटणारे पायरोफॉस्फेट मॅग्नेशियमला बांधते, मोकळे मॅग्नेशियम कमी होते आणि जांभळा रंग आकाशी होतो. येथे एवढीच काळजी घ्यावी लागते की अर्काच्या द्रावणात ईडीटीए नसावे, कारण तेही मॅग्नेशियमच पकडते. अर्क काढताना टॅनिन धरून ठेवणारे पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन घाला आणि प्रत्येक अर्क दहापट व शंभरपट पातळ करूनही चालवा. जो नमुना दाट असताना गप्प राहतो आणि दहापट पातळ केल्यावर बोलतो, त्यात प्रवर्धन रोखणारे द्रव्य आहे हे नक्की समजावे.

आता पाण्याच्या ट्यूबकडे येतो. लॅम्प ही पद्धत जपानमधील आयकेन केमिकल या कंपनीतील त्सुगुनोरी नोतोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली. पीसीआरमध्ये डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी दर फेरीला ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. लॅम्पमध्ये ते काम बीएसटी पॉलिमरेज स्वतःच करते, कारण नवा धागा विणताना ते समोरचा जुना धागा बाजूला सारत पुढे जाते. आतील प्रत्येक प्रायमरला दोन भाग असतात. एक भाग लक्ष्यावर बसतो, आणि दुसरा भाग नव्याने तयार झालेल्या धाग्यावरच वळून बसतो, त्यामुळे धाग्याच्या टोकाला फास तयार होतो. दोन्ही टोकांना असे फास झाले की तो तुकडा स्वतःच स्वतःचा प्रायमर बनतो, आणि तेथून पुढे लक्ष्याच्या एकामागोमाग जोडलेल्या प्रती लांबत जातात. जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून पाहताना) एक पट्टा न दिसता पट्ट्यांची शिडी दिसते, ती यामुळेच. सहा प्रायमर मिळून लक्ष्याचे आठ भाग ओळखतात, म्हणून ही पद्धत नेमकी आहे. पण एकदा तयार झालेल्या उत्पादनाला हे सारे भाग मुळातच असतात, आणि ते नव्या ट्यूबमध्ये पडले तर जिवाणूच्या मूळ डीएनएपेक्षाही अधिक सहज वाढते.

त्याचे प्रमाण किती असते याचा हिशेब करून पाहिला, तर माझी काळजी आपल्या लक्षात येईल. एका ट्यूबमध्ये १० मायक्रोग्रॅम डीएनए सहज तयार होतो. लक्ष्याचा एक तुकडा डीएनएच्या २०० अक्षरजोड्यांचा धरला, तर ते साधारण ४६ लाख कोटी तुकडे झाले. ट्यूबचे झाकण उघडताना एका मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तुषार उडाला, तरी त्यात १८ लाखांच्या आसपास तुकडे असतात. नव्या ट्यूबला पिवळे व्हायला त्यांतले मोजके पुरेसे होतात.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. प्रक्रिया संपलेल्या ट्यूब आपण कधी उघडल्या होत्या का, आणि उघडल्या असतील तर कोठे?

झुआरीकाठ

मूळ चर्चेला थोडी जोड देतो, कारण 'पीसीआर म्हणजे मोठे यंत्र आणि समतापी म्हणजे साधी पद्धत' हे समीकरण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. आमच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र पीसीआरवरच चालते, तरी ते बॅटरीवर चालते आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मावते. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. अर्थात त्याच्या चिप्स ठरावीक रोगांसाठी तयार होऊन येतात, तेथे आपले प्रायमर घालता येत नाहीत, म्हणून डाळिंबासाठी त्याचा थेट उपयोग नाही.

मला लक्ष वेधायचे आहे ते क्षयाच्या लॅम्प चाचणीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये, थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीऐवजी ती वापरता येईल असे सुचवले. त्या चाचणीत रसायने ट्यूबच्या झाकणात वाळवून बसवलेली असतात, नमुना घालून ट्यूब एकदा बंद केली की ती पुन्हा उघडायची नसते, आणि निकाल बाहेरूनच अतिनील प्रकाशात पाहायचा असतो. ज्या कंपनीने ही पद्धत शोधली, तिनेच आपल्या चाचणीची रचना बंद ट्यूबभोवती केली, यावरून हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे हे कळावे. ती चाचणी रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारा क्षय ओळखू शकत नाही, म्हणजे क्षयजंतू आहे की नाही एवढेच सांगते. आणि एवढ्यासाठीही तापमान, वेळ आणि वाचनाची पद्धत काटेकोर ठरवून दिलेली आहे.

माणदेशी

प्रवर्धक यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देते. पहिल्या तीन आठवड्यांत आम्हाला रंगावर विश्वास वाटत नव्हता, म्हणून प्रत्येक ट्यूब उघडून जेलवर चालवली. जेलचा टँक आणि मिश्रण तयार करण्याचे टेबल एकाच खोलीत आहे, आणि दोन्हीकडे पिपेटही तेच वापरले गेले. शिडी सुरेख दिसली याचा आम्हाला आनंद झाला होता. टेबल रोज स्पिरिटने पुसतो. वापरलेल्या ट्यूब ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) टाकतो.

प्रवर्धक

आपण हे स्पष्ट लिहिले याबद्दल आभारी आहे. उत्तर बहुतांशी त्यातच आहे. स्पिरिटने जिवाणू मरतात, डीएनए नष्ट होत नाही, उलट पुसताना तो टेबलभर पसरतो. टेबल, पिपेटची बाहेरची बाजू, रॅक, बाथचे झाकण, फ्रीजचा दांडा हे सारे ताज्या ब्लीचच्या द्रावणाने (बाजारातील ब्लीचचा एक भाग, पाणी नऊ भाग) दहा मिनिटे ओले ठेवून नंतर पाण्याने पुसावे. लॅम्पच्या ट्यूब ऑटोक्लेव्ह करणे आजच थांबवा, कारण तापल्यावर झाकणे उघडतात, वाफेबरोबर उत्पादन बाहेर पडते, आणि डीएनए पूर्ण नष्ट होईलच याची खात्री नसते. न उघडता दोन पिशव्यांत बंद करून जैव-वैद्यकीय कचऱ्याबरोबर जाळण्यासाठी पाठवाव्या.

तरीही दोष खोलीचाच आहे असे गृहीत धरण्यापूर्वी एक प्रयोग करा, कारण पाण्याची ट्यूब पिवळी होण्यास दुसरे कारणही असू शकते. आतील दोन प्रायमर चाळीसहून अधिक अक्षरांचे असतात आणि मिश्रणात त्यांचे प्रमाण पीसीआरच्या कित्येक पट असते. असे सहा प्रायमर तासभर एकत्र राहिले, तर ते एकमेकांवर बसून लक्ष्याशिवायही काहीबाही वाढवू शकतात. या दोन्ही शक्यता वेगळ्या काढता येतात. सध्याच्या खोलीत आठ ट्यूब प्रायमरशिवाय आणि आठ ट्यूब सर्व घटकांसह पण टेम्प्लेटशिवाय (नमुन्याच्या डीएनएशिवाय) लावा. त्यानंतर दुसऱ्या इमारतीत, जेथे लॅम्पची एकही ट्यूब कधी गेलेली नाही तेथे, नवे पिपेट, सीलबंद पाणी, नवे मिश्रण आणि नव्याने मागवलेले त्याच क्रमाचे प्रायमर घेऊन टेम्प्लेटशिवाय चोवीस ट्यूब लावा. प्रत्येक ट्यूबचा रंग कोणत्या मिनिटाला बदलला हे वहीत लिहा. प्रायमरशिवायच्या ट्यूब पिवळ्या झाल्या तर मिश्रण किंवा पाणी आम्लधर्मी आहे. तेथील चोवीस ट्यूब तासभर गुलाबी राहिल्या आणि जुन्या खोलीतल्या पिवळ्या झाल्या, तर पूर्वीचे उत्पादनच खोलीत पसरले आहे. दोन्ही ठिकाणी उशिरा आणि विस्कळीत वेळांना रंग बदलला, तर प्रायमरच नव्याने आखावे लागतील.

वेळेबद्दलही एक सांगतो. ७५ मिनिटे फार होतात. आपल्या खऱ्या रोगट नमुन्यांचा रंग किती मिनिटांत बदलतो ते आधी पाहा. तो जर वीस-पंचवीस मिनिटांत बदलत असेल, तर चाळीस किंवा पंचेचाळीस मिनिटांची मर्यादा ठरवून घ्या आणि त्यानंतर ट्यूबकडे पाहूही नका. शेवटची मिनिटे वाढवून संवेदनक्षमता फारशी वाढत नाही, खोटे निकाल मात्र वाढतात.

पुढच्या काळासाठी मिश्रणात थायमिनऐवजी काही अंशी युरॅसिल असलेले न्यूक्लिओटाइड वापरा आणि उष्णतेने निकामी होणारे युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज घाला. हे एन्झाइम खोलीच्या तापमानाला युरॅसिल असलेले जुने उत्पादन निकामी करते आणि बाथमध्ये ट्यूब तापली की स्वतःच थांबते, त्यामुळे नव्या प्रतींना धोका पोचत नाही. मात्र या उपायाआधी आपल्या खोलीत जे उत्पादन पसरले आहे त्यात युरॅसिल नाही. त्यावर हे एन्झाइम काहीही करणार नाही. ते घालवण्यासाठी ब्लीच आणि जागाबदल हेच मार्ग आहेत.

पर्णव्याधी

मी वनस्पतिरोगशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि मला तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे लिहून देण्याचे, महत्त्व सर्वाधिक वाटते. ट्यूबमधील सर्व दोष दूर झाले, तरी गुलाबी ट्यूबचा अर्थ 'या दोन मायक्रोलिटरमध्ये जिवाणूचा डीएनए सापडला नाही' एवढाच होतो. तेथून 'झाड तेल्यामुक्त आहे' इथपर्यंत पोचायला मध्ये तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते.

पहिली पायरी ट्यूबमधलीच आहे. या जिवाणूचा जीनोम साधारण ५० लाख जोड्यांचा असल्याने एका पेशीचा डीएनए ५ फेम्टोग्रॅमच्या आसपास भरतो. प्रक्रिया कितीही संवेदनक्षम असली, तरी ट्यूबमध्ये निदान एक प्रत पडल्याशिवाय ती सुरू होऊ शकत नाही. दोन मायक्रोलिटरमध्ये सरासरी ३ प्रती येतील एवढा जिवाणू अर्कात असेल, तरी निव्वळ योगायोगाने शंभरपैकी पाच ट्यूबमध्ये एकही प्रत नसेल. म्हणून एका नमुन्याच्या किमान तीन ट्यूब लावाव्यात.

दुसरी पायरी पानाकडून झाडाकडे जाते. तेल्याचा जिवाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. एखाद्या मातृवृक्षाच्या शंभरपैकी पाच फांद्यांमध्ये तो असेल, आणि त्यातील निदान एक तरी आपल्या नमुन्यात यावी अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर यादृच्छिकपणे ५९ फांद्या घ्याव्या लागतात. शंभरपैकी एकाच फांदीत असेल, तर त्याच खात्रीसाठी हा आकडा ३०० च्या जवळ जातो. चार-पाच पाने खुडून दिलेला निकाल किती पोकळ असतो, ते या हिशेबावरून दिसते. अनेक फांद्यांचे तुकडे एकत्र करून त्यांचा एक अर्क करता येतो, पण मग एका रोगट तुकड्यातला जिवाणू इतर तुकड्यांच्या रसात पातळ होतो आणि टॅनिनही वाढते. येथे मला सर्वांत उपयोगी वाटलेला मार्ग म्हणजे तुकडे आधी पोषक द्रावणात एक-दोन दिवस ठेवून जिवाणू वाढू देणे आणि मग लॅम्प करणे. त्यामुळे निकाल उशिरा मिळतो, हे खरे. पण प्रती वाढतात, झाडातील अडथळा आणणारी द्रव्ये पातळ होतात, आणि शिवाय एक मोठी शंका मिटते: मेलेले जिवाणू वाढत नाहीत. बोर्डो मिश्रणाच्या किंवा अन्य जिवाणूनाशकाच्या फवारणीनंतर मेलेल्या जिवाणूचा डीएनए पानावर काही काळ टिकतो आणि लॅम्पला मेलेला-जिवंत हा भेद कळत नाही. द्रावणात ठेवण्यापूर्वीचा आणि नंतरचा अर्क शेजारी शेजारी चालवला, आणि नंतरच्या ट्यूबचा रंग स्पष्टपणे लवकर बदलला, तर जिवाणू जिवंत आहे असे म्हणायला आधार मिळतो.

तिसरी पायरी जिवाणूच्या ओळखीची. जायरेज-बी हे जनुक झँथोमोनासच्या जातींची ओळख पटवण्यासाठी सर्रास वापरले जाते, पण लिंबावरचा खैऱ्या ज्या जिवाणूमुळे होतो तो याच झँथोमोनास सिट्रीचा दुसरा पॅथोव्हार आहे, आणि कापसावरील कोनीय ठिपक्यांचा जिवाणूही याच जातीत धरला जातो. आपल्याकडे डाळिंबाच्या बांधाला कागदी लिंबू असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे खैऱ्याच्या डागातून काढलेल्या डीएनएवर आपला प्रायमर संच गप्प राहतो का, हे एकदा पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये. निरोगी डाळिंबाच्या पानावर सहज राहणारे इतर जिवाणू, तसेच सर्कोस्पोरा आणि अल्टर्नेरिया या बुरशींचे डागही त्याच यादीत घ्यावेत.

आणि एक ट्यूब कधीही वगळू नये, ती म्हणजे झाडाच्या स्वतःच्या सायटोक्रोम ऑक्सिडेज जनुकाची. त्याचा लॅम्प संच वनस्पतिरोगांच्या चाचण्यांत रूढ आहे. तेल्याची ट्यूब बदलली नाही आणि झाडाच्या जनुकाचीही बदलली नाही, तर निकाल 'नाही' असा न लिहिता 'चाचणी झाली नाही' असा लिहावा लागतो. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शक्य असेल तर आपल्या नमुन्यांपैकी काहींची तेथील पीसीआर चाचणीशी तुलना करता येईल का, याची चौकशी करावी.

संथ_वारणा

आरपीएबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बटाट्याच्या रोगांवर मी ही पद्धत काही वर्षे वापरली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत धागे सुटे करण्याचे काम टी-फोर या जिवाणूभक्षक विषाणूची प्रथिने करतात. रिकॉम्बिनेज प्रायमरला घेऊन दुहेरी धाग्यात शिरते, एकेरी धाग्याला धरून ठेवणारे प्रथिन ती जागा उघडी ठेवते, आणि पॉलिमरेज तेथून विणायला लागते. ३७ ते ४२ अंश पुरेसे होतात, निकाल वीस मिनिटांत येतो, आणि दोनच प्रायमर लागत असल्याने आखणी लॅम्पपेक्षा सोपी असते. आमच्या गावाकडच्या भारनियमनाच्या वेळापत्रकात ही गोष्ट मोलाची ठरते, कारण थर्मासमधले कोमट पाणी वीस मिनिटे तेवढे तापमान सहज टिकवते.

तरीही माणदेशी यांना मी आताच आरपीएकडे वळण्याचा सल्ला देणार नाही. एक तर तीस ते पस्तीस अक्षरांच्या प्रायमरमध्ये काही अक्षरे जुळली नाहीत तरी ही प्रक्रिया पुष्कळदा चालते, आणि खैऱ्यासारखा सख्खा भाऊ शेजारच्या बांधावर असताना हा ढिलेपणा महाग पडेल. दुसरे म्हणजे वाचन. चमकणारा प्रोब वापरला तर यंत्र लागते, आणि कागदी पट्टीवर वाचायचे तर बहुधा ट्यूब उघडून द्रव पट्टीवर घालावा लागतो, म्हणजे ज्या दोषापायी आपण आज त्रासला आहात तोच पुन्हा ओढवून घ्यायचा. बंदिस्त खोक्यात ट्यूब फोडून पट्टी भिजवण्याची साधने मिळतात, पण खर्च वाढतो. ज्यांच्याकडे चांगले चालणारे लॅम्पचे प्रायमर आहेत त्यांनी आधी खोली सुधारावी, असे माझे मत आहे.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोग पूर्ण करून मगच लिहायचे ठरवले होते, म्हणून उत्तराला पंधरवडा लागला.

शेजारच्या गावातील शाळेच्या प्रयोगशाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने चोवीस ट्यूब लावल्या. पंचेचाळीस मिनिटांपर्यंत चोवीसही गुलाबी राहिल्या; त्यापुढे ठेवल्यावर एक ट्यूब ६१ व्या मिनिटाला पिवळी झाली, उरलेल्या तेवीस ७५ मिनिटांपर्यंत तशाच होत्या. त्याच आठवड्यात आमच्या खोलीत प्रायमरशिवायच्या आठही ट्यूब गुलाबी राहिल्या आणि प्रायमर असलेल्या आठपैकी सात पिवळ्या झाल्या, त्यांतील बहुतेक ३६ ते ४४ मिनिटांच्या दरम्यान. म्हणजे पाणी आणि मिश्रण निर्दोष आहे, आणि खोलीत आमचेच जुने उत्पादन आहे. जेलवर दिसलेल्या ज्या शिडीचा आनंद झाला होता, तीच आता टेबलावर पसरलेली आहे हे पाहून वाईट वाटले, पण कारण हाती आले.

मिश्रण तयार करण्याचे काम आता रोपवाटिकेच्या जुन्या कार्यालयात हलवले आहे. तेथे पिपेट, रॅक आणि एप्रन वेगळे ठेवले आहेत, आणि वॉटर बाथकडे गेलेली व्यक्ती त्या दिवशी परत त्या खोलीत जात नाही. जेलचा टँक बंद करून ठेवला. हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू मागवला आहे, तो येईपर्यंत अर्क दहापट पातळ करून जुनेच मिश्रण वापरत आहोत. अर्क घालताच पिवळे होणे त्यामुळे थांबले. रोगट पानांच्या ट्यूब २२ ते २७ मिनिटांत बदलतात, म्हणून मर्यादा चाळीस मिनिटांची ठेवली. खैऱ्याचे डाग आमच्याच बांधावरच्या लिंबावरून गोळा केले आहेत, आणि त्यावरची पहिली चाचणी या रविवारी करणार आहोत.

पर्णव्याधी यांनी दिलेला ५९ चा आकडा मालकांना दाखवला. आमच्याकडे ४० मातृवृक्ष आहेत, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास तुकडे होतात, आणि पाऊस सुरू होऊन गुट्या बांधण्यापूर्वी एवढे काम दोघांनी उरकणे शक्य नाही. म्हणून यंदा दहाच झाडे निवडून त्यांच्यावर नियमाने नमुने घ्यायचे, वीस-वीस तुकड्यांचे गट पोषक द्रावणात ठेवून चाचणी करायची, आणि गुट्या फक्त त्या दहा झाडांवरच बांधायच्या, असे ठरले आहे. चिठ्ठीवरचा मजकूरही बदलला. 'तेल्यामुक्त' हा शब्द काढून त्याजागी झाडाचा क्रमांक, तपासलेल्या तुकड्यांची संख्या, नमुन्याची तारीख आणि 'या नमुन्यांत तेल्याचा जिवाणू आढळला नाही' असे लिहिणार आहोत. वीस तुकड्यांच्या गटात एकच रोगट तुकडा असला तर दोन दिवसांच्या वाढीनंतर तो हमखास सापडतो का, हे रोगट फांदीचा एक आणि निरोगी फांद्यांचे एकोणीस तुकडे एकत्र करून आधी तपासणार आहोत. त्याचे आकडे आले की येथेच देते.